औंधचे महाराज आणि दहा अवस्थांचा व्यायाम

इ. स. १८९७ च्या सुमारास औंधच्या राजवाड्यात विलायतेहून व्यायामाची साधने आली. ती मागविणारे गृहस्थ होते संस्थानाधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव भवानराव. वय एकोणतीसच्या घरात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घेतलेली बी. ए. ची पदवी पाठीशी, आणि वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार पाहण्याचे काम. बसून करावयाचे काम आणि राजवाड्यातील जेवण यांचा शरीरावर जो परिणाम व्हावयाचा तो होऊ लागला होता. ही तक्रार आज कोणाची आहे हे बेळ्ळंदूरच्या वाचकाला सांगावयास नको. रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत दहा-दहा तास बसणारे आमचे कितीतरी माजी विद्यार्थी शाळेत भेटावयास येतात, तेव्हा पाठ आणि मान यांविषयी प्रथम बोलतात, पगाराविषयी नंतर.

त्या काळी युजेन सँडो हे नाव जगभर गाजत होते. प्रशियात जन्मलेला हा मल्ल इंग्लंडात स्थायिक झाला होता, आणि रंगभूमीवर स्नायूंचे प्रदर्शन करून त्याने शरीरसौष्ठवाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्याची पुस्तके आणि साधने टपालाने देशोदेशी जात. मुठीत दाबावयाच्या स्प्रिंगांचे त्याचे डंबेल प्रसिद्ध होते. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. राज्यकर्त्यांनी आपल्या लोकांस दुबळे ठरविले होते. तो शिक्का पुसण्याची ओढ सुशिक्षित तरुणांत निर्माण झाली होती, आणि सँडोचा तक्ता भिंतीवर टांगणे हा त्या ओढीचाच एक भाग होता. भवानरावांनी ही पद्धती नेटाने चालविली. एक-दोन महिने नव्हे, दहा वर्षे. नव्या वर्षाच्या संकल्पाने जिमचे पैसे भरून महाशिवरात्रीपर्यंत तिकडची वाट विसरणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव. यमाईचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेली वस्ती. संस्थान लहान, बहात्तर गावांचे, आणि तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल हे भाग महाराष्ट्रात, तर गुणदाळ पार विजापुराकडे कानडी मुलुखात. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या काळापासूनचे. अशा घराण्यातील धाकट्या मुलाला गादी मिळण्याची फारशी अपेक्षा नसे. म्हणूनच की काय, त्यांना चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम यांसाठी मोकळीक मिळाली, आणि पुढे गादी मिळाल्यावरही या तिन्ही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. ते स्वतः कीर्तन करीत, रामायणातील प्रसंग स्वतःच्या कुंचल्याने रंगवीत, आणि पहाटेचा व्यायाम चुकवीत नसत.

सँडोकडून ते नमस्कारांकडे कसे वळले, हा त्यांच्या आयुष्यातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. १९०८ साली मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार घालण्यास आरंभ केला. नमस्कार ही काही नवी वस्तू नव्हती. महाराष्ट्रात समर्थ रामदासांच्या परंपरेशी नमस्कारांचे नाते सांगितले जाते, आणि घरोघरी उपासनेचा भाग म्हणून ते चालत आले होते. रथसप्तमीला सूर्याला अर्घ्य देऊन नमस्कार घालणारे आजोबा अनेकांच्या स्मरणात असतील. भवानरावांनी जे केले ते निराळे होते. देवघरातील एका आचाराकडे त्यांनी दहा वर्षे डंबेल उचललेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले. कोणत्या क्षणी कोणता स्नायू ताणला जातो, श्वास कोठे घ्यावा, कोठे रोखावा, कोठे सोडावा, हात जमिनीवर एकदा टेकले की ते शेवटपर्यंत का हलवावयाचे नाहीत, याची त्यांनी छाननी केली, आणि त्यातून दहा अवस्थांचा एक निश्चित क्रम बांधला. आपण ज्याला प्राचीन म्हणून नमस्कार करतो त्या क्रमाच्या आजच्या रूपामागे विलायती साधनांवर घाम गाळलेली दहा वर्षे आहेत, हे मान्य करण्यात मला काहीच उणेपणा वाटत नाही.

तो क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही व्यायाम म्हणून त्याकडे एकदा पाहावे. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकविता तळहात जमिनीवर टेकावयाचे. येथेच बहुतेक नवशिक्यांची गाडी अडते, आणि तेथे गुडघे थोडे वाकले तर बिघडत नाही. तिसऱ्या अवस्थेत एक पाय मागे, चौथीत दुसराही मागे, आणि शरीर टाचेपासून मस्तकापर्यंत एका रेषेत. या स्थितीत शरीराचे निम्म्याहून अधिक वजन दोन हातांवर येते. पाचवी अवस्था साष्टांगाची: दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ जमिनीला टेकलेले, पोट मात्र वर उचललेले. पोट टेकू न देणे ही यातील खरी मेहनत होय, आणि घाईने नमस्कार घालणारा हीच मेहनत चुकवितो. सहावीत छाती पुढे व वर, सातवीत कंबर आकाशाकडे आणि टाचा जमिनीकडे; मग पाय पुढे घेत उलट्या क्रमाने पुन्हा उभे. चौथी ते सहावी या अवस्था म्हणजे तालमीतल्या जोराचेच सौम्य रूप होय. हात, खांदे, छाती, पोट, पाठ आणि मांड्या यांना आळीपाळीने ताण आणि आराम मिळतो, आणि त्यासाठी एका सतरंजीएवढी जागा पुरते.

बळ वाढविण्याचे शास्त्र फार गूढ नाही. स्नायूला सवयीपेक्षा थोडे अधिक काम द्यावे, मग त्याला विश्रांती आणि अन्न द्यावे. तो पुढच्या खेपेस थोडा अधिक समर्थ होऊन येतो. सँडोच्या पद्धतीत हे काम वजनाने आणि स्प्रिंगांनी वाढे. भवानरावांच्या पद्धतीत वजन कायम, कारण ते स्वतःच्याच देहाचे. वाढावयाची ती संख्या. वय आणि शक्ती पाहून संख्येची पायरी हळूहळू चढावी अशी त्यांची शिस्त होती. त्यांचा स्वतःचा रोजचा आकडा शेकड्यांच्या घरात असे. हा आकडा ऐकून घाबरू नये. तो अनेक वर्षांच्या सातत्यातून आलेला होता.

१९०९ साली भवानराव औंधच्या गादीवर आले. राजा झाल्यावर व्यायाम ही त्यांची खासगी आवड राहिली नाही. संस्थानातील शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले. मुले, मुली, शिक्षक सारेच पहाटे रांगेत उभे राहू लागले. राणीसाहेब आणि राजपुत्रही यातून सुटले नव्हते, आणि स्वतः महाराज सर्वांच्या आधी सुरुवात करीत. या एका गोष्टीमुळे त्या सक्तीचा काच पुष्कळ कमी झाला असावा. जो आपण घालतो तोच नमस्कार इतरांकडून घालून घेणे आणि खुर्चीत बसून शिट्टी वाजविणे यांतील अंतर विद्यार्थ्यांना फार लवकर कळते. शाळेत तीस वर्षे काढल्यावर याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

याच काळात औंध हे एक विलक्षण गाव बनले. बेळगावात आपला कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना महाराजांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास आले आणि त्यांनी तेथे स्वाध्याय मंडळ चालविले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड काम हाती घेतले, त्यामागे भवानरावांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीची प्रेरणा होती. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माय-लेकराच्या शिल्पापर्यंत तेथे काय नाही! सहलीसाठी साताऱ्याकडे जाणाऱ्या पालकांनी मुलांना हे संग्रहालय अवश्य दाखवावे.

पुन्हा नमस्कारांकडे वळते. १९२० च्या दशकात भवानरावांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले, मराठीबरोबर इंग्रजीतही ते निघाले, आणि नियतकालिकांतून हा विषय मध्यमवर्गीय घरांत शिरला. १९३६ साली ते सहकुटुंब इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची भेट घेतली. राणीसाहेब अनेक मुलांच्या आई असूनही किती तरुण दिसतात, याचेच इंग्रज स्त्रियांना नवल वाटले म्हणतात. मॉर्गन बाईंनी संपादित केलेले महाराजांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने काढले. ज्या देशातून औंधला डंबेल आले त्याच देशात औंधचा नमस्कार गेला, आणि मधे चाळीस वर्षांचे अंतर पडले.

आपल्या बेंगळुरूशी या कथेचे नाते दोन ठिकाणी येते. पहिले के. व्ही. अय्यर यांच्यामुळे. कोलार जिल्ह्यातून आलेले कोलार वेंकटेश अय्यर हे या शहरातील आधुनिक व्यायामाचे आद्य पुरुष. हर्क्युलीस जिम्नॅशियम ही त्यांची व्यायामशाळा, जे. सी. रोडवर पुढे त्यांची प्रशस्त व्यायामशाळा उभी राहिली. म्हैसूरच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. टपालाने व्यायामाचे धडे पाठवून त्यांनी दूरदूरचे शिष्य घडविले. बारबेल आणि डंबेल हे त्यांचे मुख्य शस्त्र, पण १९३७ साली त्यांनीही सूर्यनमस्कारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. औंधच्या राजाने वजने बाजूस ठेवून नमस्कार धरला. बेंगळुरूच्या या गुरूने वजने न सोडता नमस्कार जवळ केला. माझ्या मते नवशिक्याला अय्यरांची वाट अधिक उपयोगी आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच. अय्यर केवळ मल्ल नव्हते हेही सांगितले पाहिजे. नाटककार टी. पी. कैलासम यांचे ते स्नेही, आणि ‘शांतला’ व ‘रूपदर्शी’ या कादंबऱ्यांमुळे कन्नड वाचक त्यांना साहित्यिक म्हणून ओळखतो. आमच्या शाळेतील ज्या मुलांना कन्नड चांगले येते त्यांनी या कादंबऱ्या मिळवून वाचाव्यात.

आता थोडे परखडपणे. महाराजांचा नमस्कारांवरील विश्वास इतका गाढ होता की त्यांना त्यात जवळजवळ प्रत्येक व्याधीवर उतारा दिसे. प्रत्येक अवस्थेबरोबर बीजमंत्र उच्चारल्याने शरीरातील अमुक इंद्रियास लाभ होतो, असेही ते मांडीत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही हे सारे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. व्यायाम म्हणूनही नमस्काराला मर्यादा आहेत. त्यात जमीन ढकलण्याचे काम भरपूर आहे, पण काहीही ओढण्याचे काम नाही. म्हणून पाठीच्या वरच्या भागाला आणि मनगटाच्या पकडीला तो अपुरा पडतो. आपल्या पूर्वजांनी तेथे मल्लखांब आणि दोर ठेवला होता. आज लोंबकळण्यासाठी एक आडवा दांडा किंवा ओढण्यासाठी रबरी पट्टा पुरेल. पायांनाही नुसता नमस्कार पुरत नाही, त्यासाठी बैठका हव्यात. येथेच अय्यरांची वाट कामी येते.

हीरकमहोत्सवी वर्षाच्या पालकसभांत एक प्रश्न वारंवार विचारला गेला: शाळेने रोज पहिली पंधरा मिनिटे नमस्कारांना द्यावीत काय, आणि द्यावयाची तर सर्वांना सक्ती करावी काय? एका बाजूचे पालक म्हणाले की अभ्यासक्रमाची घडी आधीच घट्ट आहे. दुसऱ्या बाजूने औंधच्या महाराजांचे उदाहरण देण्यात आले. काही पालकांनी अतिशय सौम्यपणे सांगितले की सूर्याची बारा नावे घेणे त्यांच्या घरच्या श्रद्धेत बसत नाही. या तिसऱ्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करणे शाळेला शोभले नसते. नमस्काराच्या चौथ्या अवस्थेत हातांवर येणारे वजन नामोच्चारावर अवलंबून नसते. अखेर असे ठरले की तास ऐच्छिक राहील, ज्यांना मंत्र म्हणावयाचे ते मनात म्हणतील, आणि ज्यांना क्रमच नको ते त्याच वेळी जोर, बैठका आणि दांड्याला लोंबकळणे एवढे करतील. शिक्षकांना मात्र मी सूट दिलेली नाही. याबद्दल शिक्षकदालनात अजूनही कुरबुर चालते, आणि ती योग्यच आहे.

ज्या पालकांना घरी आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी आमच्या क्रीडाशिक्षकांच्या सल्ल्याने दोन शब्द. पहिल्या आठवड्यात तीन नमस्कार, तेही सावकाश. ज्यांना चौथी अवस्था पेलत नाही त्यांनी गुडघे टेकावेत, आणि तेही जड वाटल्यास हात भिंतीला किंवा ओट्याला टेकून तिरपे जोर काढावेत. दर आठवड्याला एक-दोनच वाढवावेत. बाराच्या पुढे जाण्याची घाई नको. जोडीला खुर्चीवरून उठून पुन्हा बसण्याच्या दहा बैठका. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढे झाले तरी आरंभाला ते पुष्कळ आहे. दुसऱ्या दिवशी अंग ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणे स्वाभाविक नाही, ती आल्यास थांबावे. रक्तदाब, मणक्याचा विकार, गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या तळ्याच्या फेसाची आणि आगीची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली आहेत, त्यामुळे पहाटे तळ्याकाठी जाण्याचा आग्रह मी धरणार नाही. घरातली सतरंजी त्याहून बरी.

बेंगळुरूशी असलेले दुसरे नाते व्यायामाचे नाही, पण भवानरावांचे चरित्र त्यावाचून अपुरे राहील. म्हैसूर सरकारचा विजेच्या साहित्याचा कारखाना या शहरात होता आणि तो चालविण्यासाठी मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते येथे आले होते. महाराजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांची फ्रीडमन यांच्याशी ओळख झाली आणि ओळखीचे रूपांतर मैत्रीत झाले. यंत्रांत रमलेल्या या माणसाला गांधीजींच्या विचारांची ओढ होती. पुढे ते भारतानंद या नावाने ओळखले गेले. त्यांच्या प्रेरणेने आणि गांधीजींच्या सल्ल्याने सत्तरीच्या राजाने एक अपूर्व निर्णय घेतला. संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपवावयाचा. जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावोगावी पंचायती झाल्या, आणि राजाने आपले अधिकार स्वतःच्या हाताने कमी करून घेतले. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे मत मिळविण्यासाठी प्रौढ माणसे पाटीवर अक्षरे गिरवू लागली.

मुलांच्या पहाटेवर ज्याने हुकूम चालविला, त्याच माणसाने स्वतःचा हुकूम इतक्या सहजी खाली ठेवावा, याचा मेळ कसा घालावा हे मला पुरते उमगलेले नाही. कदाचित त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकाच घडणीचे भाग असतील: आधी अंगात बळ यावे, मग हाती सत्ता. पण हा माझा तर्क झाला. आटपाडीजवळ त्याच वर्षी स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. तेथे भिंती नव्हत्या. कैदी कुटुंबासह राहत आणि शेती करीत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारातील भूमिगतांना औंधच्या हद्दीतील कुंडल हा मोठा आधार ठरला, तेव्हा संस्थानचा प्रमुख कोण होता हे इंग्रजांना चांगलेच ठाऊक होते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पंचायतींचा तो नऊ वर्षांचा प्रयोग त्याबरोबर थांबला. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. फ्रीडमन भारतातच राहिले. भवानराव औंधचे राजे उरले नाहीत, पण संग्रहालय, ग्रंथ आणि पहाटेची सतरंजी त्यांच्याजवळ राहिली. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. के. व्ही. अय्यर त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे, १९८० पर्यंत, हयात होते.